न पाहिलेल्या सासऱ्यांचं पान

आजी त्या रात्री स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. एवढीच गोष्ट, पण ती काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, आमच्या तिमजली घरात त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही मधल्या. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. त्या दिवशी त्यांच्याकडे जेसा होती, सासऱ्यांचं वर्षाचं कार्य. विधी झाला की पानावरचं सगळं घरच्यांनी वाटून खायचं आणि शेजारीपाजारीही द्यायचं, अशी इथली जुनी रीत. आजींनी ताट पाठवण्याऐवजी मलाच वर बोलावलं. मी पोचले तेव्हा विधी सुरू व्हायचा होता. दिवाणखान्यात उत्तरेकडे घडीचा पडदा, त्याच्यापुढे काळ्या लाकडाचं टेबल आणि त्यावर पहाटेपासून आजींनी आणि सुनेनं रांधलेलं सगळं. थोरला मुलगा, पुतण्या आणि बारावीतला नातू काळ्या सुटात उभे. मुलानं उदबत्ती लावली, तांदळाच्या मद्याचा पेला धुरावरून तीनदा फिरवून पडद्यासमोर ठेवला आणि तिघांनीही जमिनीला कपाळ टेकून दोनदा नमस्कार केला. नातवानं पेला एका हातात धरलेला दिसताच आजींनी दारातूनच हळू आवाजात सांगितलं, ‘दोन्ही हातांनी.’ अख्खा विधी त्यांना पाठ होता. पण त्या पुढे आल्या नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावलंही नाही.

हे सासरे आजींनी कधी पाहिलेच नाहीत. 1950 च्या उन्हाळ्यात युद्ध पेटलं आणि ते गेले. नाकदोंग नदीच्या काठावर, या देगू शहराच्या तोंडाशी, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात जी घनघोर लढाई झाली तिच्यात ते होते असं घरात म्हणतात. ते परत आले नाहीत, त्यांचा देहही मिळाला नाही. तेव्हा आजींचे यजमान आठ वर्षांचे होते आणि आजी देगूपासून लांबच्या एका खेड्यात रांगत होत्या. मृत्यूची तिथीच ठाऊक नसेल तर चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला जेसा करायची, अशी सोय कोरियातल्या परंपरेनं करून ठेवली आहे. म्हणून दर शरदात, नाशपाती आणि तांबूस परसिमन बाजारात आले की आजी त्या न पाहिलेल्या माणसासाठी स्वयंपाकाला लागतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही. त्यांना भात थोडा मऊ आवडायचा, हे आजींना सासूनं सांगितलं होतं. आजही भात मऊच होतो.

त्या टेबलाबद्दल सांगायलाच हवं. पडद्याच्या सर्वांत जवळच्या ओळीत भात आणि सूप, त्यानंतर मांस, मासे आणि काप, मग रस्से, मग पालेभाज्या आणि सुकवलेला मासा, आणि सर्वांत बाहेरच्या ओळीत फळं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मासा पूर्वेला आणि त्याचं तोंडही पूर्वेलाच. पीच ठेवायचं नाही, कारण पीचला भुतंखेतं भितात, मग पूर्वज तरी कसे येतील? तिखट आणि लसूण नाही. भोपळ्याचे, टोफूचे आणि माशाचे काप पिठात घोळवून, अंड्यात बुडवून मंद तव्यावर परततात. त्यांना जॉन म्हणतात. घरभर जो वास भरतो तो तेलाचा आणि याच कापांचा. भांडी मांडून झाली की मुलगा चमचा उचलून भातात उभा रोवतो. एरवी जेवताना कुणी तसा चमचा रोवला तर आजी लगेच दटावतात, कारण तो फक्त मेलेल्या माणसाचा असतो. मग सगळे खोलीबाहेर येतात आणि दार ओढून घेतात, पूर्वजांना निवांत जेवता यावं म्हणून. आम्हीही बाहेर थांबलो. कुणी बोलत नव्हतं, फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. एक माणूस नऊ घास घेईल इतका वेळ गेला, मग मुलगा तीनदा खाकरला आणि दार उघडून आत गेला. आत कुणी जेवतंय याची त्या खाकरण्यात इतकी सहज खात्री होती की माझ्या अंगावर काटा आला. शेवटी सुपाची वाटी काढून भाताची पेज ठेवली, नाव लिहिलेला कागद जाळला आणि दिवे लागले.

माझ्या साताऱ्याच्या आजोळी पितृपक्षात हेच होतं. वाडी ठेवायची, कावळा शिवेपर्यंत सगळ्यांनी उपाशी थांबायचं, आणि कावळा शिवला नाही की ‘कसली इच्छा राहिली असेल’ म्हणून मोठ्यांची कुजबुज. माझी आजी सोवळ्यात पहाटेपासून चुलीपाशी असायची. तर्पण आजोबांचं, पिंड आजोबांचे, आणि तिचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नव्हतं. ते खटकायला मला देगूपर्यंत यावं लागलं, परक्या घरात आणि परक्या बाईसाठी.

सुनेला मी त्याच रात्री विचारलं. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, ‘आमच्याकडे असंच असतं, पहिल्यापासून.’

पण ते पहिल्यापासून तसं नव्हतं, आणि हे कळल्यावर मला जास्त त्रास झाला. जोसॉन राजवट 1392 मध्ये आली आणि तिनं बौद्ध धर्म बाजूला सारून कन्फ्यूशियसच्या विचारावर राज्य उभं केलं. घरातल्या विधींसाठी त्यांनी चीनमधल्या चू शी या पंडिताची कुलाचारांची संहिता प्रमाण मानली. त्या संहितेत पहिला पेला घरच्या कर्त्या पुरुषाचा आणि दुसरा पेला त्याच्या बायकोचा आहे. पुस्तकानं बाईला जागा दिली होती, ती पुढे माणसांनी काढून घेतली. जोसॉनच्या पहिल्या दोनशे वर्षांत लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या माहेरी जाऊन वर्षानुवर्षं राहायचा, मुलींना मुलांइतकाच वाटा मिळायचा आणि आईवडिलांची जेसा भावाबहिणींमध्ये फिरायची, या वर्षी एकाकडे तर पुढच्या वर्षी दुसरीकडे. इथल्या पाच हजार वॉनच्या नोटेवर यी ई, म्हणजे युलगोक, हा मोठा कन्फ्यूशियन विचारवंत आहे. तो 1536 मध्ये गांगनुंगला आजोळीच जन्मला, कारण त्याची आई शिन साइमदांग लग्नानंतरही बराच काळ माहेरी राहिली. त्याच्या भावंडांनी 1566 मध्ये वडिलांच्या मालमत्तेची वाटणी केली, तो कागद आजही जपून ठेवलेला आहे. त्यात मुलगे आणि मुली दोघांनाही वाटा आहे. मग सतराव्या शतकात मोठी युद्धं आणि परचक्रं होऊन गेली, जमिनीचे तुकडे होण्याची धास्ती वाढली, कुळाचा अभिमान वाढला, आणि हळूहळू सगळं थोरल्या मुलाकडे गेलं. जमीन त्याच्याकडे, जेसा त्याच्याकडे, आणि जेसाचा स्वयंपाक त्याच्या बायकोकडे. साइमदांग आज पन्नास हजारांच्या नोटेवर आहे. चित्रं काढणारी, कविता करणारी ही बाई. पण नोट 2009 मध्ये आली तेव्हा इथल्या अनेक बायकांनी तक्रार केली की तिला एका थोर माणसाची आई म्हणूनच निवडलं.

आजींचे यजमान गेले तेव्हा कुटुंबप्रमुखाचा जुना कायदा अजून चालू होता. घराच्या नोंदीत प्रमुख एकच, आणि तो वारला की हक्क आधी मुलाकडे, बायकोचा क्रम बराच खाली. त्या कायद्यानं या आजींच्या घराचा प्रमुख त्यांचा मुलगा झाला. घटनात्मक न्यायालयानं 2005 मध्ये तो कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरवला आणि 1 जानेवारी 2008 पासून तो गेला. एकाच कुळनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या मुलामुलींनी लग्न करायचं नाही, ही बंदीही याच काळात कायद्यातून निघाली. कागद बदलले. पण घरात कुणी कुठे उभं राहायचं ते अजून जुन्याच हिशेबानं चालतं.

कोरियन मालिका बघणाऱ्यांना बाकीचं मी काय सांगणार. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय जेवायचं नाही, मोठ्यांसमोर पेला घेताना तोंड वळवायचं, दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, आणि पहिल्या भेटीत वय विचारायचं, नाहीतर पुढचं वाक्य कोणत्या आदरानं बोलायचं तेच ठरत नाही. जून 2023 मध्ये सरकारनं वय मोजायची जगभरची रीत लागू केली, तरी आमच्या वाड्यातल्या पोरी अजून जन्मवर्षावरूनच मोठी-धाकटी ठरवतात. मला नवल वाटतं ते एवढ्याचंच की यातलं काहीही करताना कुणी कन्फ्यूशियसचं नाव घेत नाही. आजींचा मुलगा इंजिनियर आहे, ‘मी निधर्मी’ असं तो ठामपणे सांगतो. 2015 च्या जनगणनेत 56.1 टक्के लोकांनी हेच सांगितलं. बौद्ध म्हणवून घेणारे 15.5 टक्के निघाले, प्रोटेस्टंट त्यांच्याहून जास्त. पण त्या रात्री दाराबाहेर खाकरणारा माणूस हाच होता. वाडवडिलांसाठी जे करायचं ते करायचं, त्याला धर्म कशाला म्हणायचं, असं त्याचं सरळ गणित. आणि गणित असं बसलं की त्यावर प्रश्नही विचारता येत नाहीत. धर्म म्हटलं तर माणूस त्याच्यावर वाद घालू शकतो. घरची रीत म्हटली की वाद घालणारी सून वाईट ठरते.

जेसा होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले असतील. नोव्हेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी सुनुंग असते, म्हणजे नातवाची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, आणि इंग्रजी ऐकण्याच्या प्रश्नांच्या वेळी देशभरातली विमानं उतरायची-उडायची थांबतात. गोर्यो राजवटीत 958 मध्ये सुरू झालेली आणि 1894 मध्ये बंद झालेली राजपरीक्षा संपून सव्वाशे वर्षं झाली, पण एका परीक्षेत घराचं भलं-बुरं ठरतं हा भरवसा जराही ढळलेला नाही. पहाटे चारला आजींनी माझं दार वाजवलं. ‘गात्बावीला येतेस? एकटीला पायऱ्या जड जातात.’

पालगोंगसान डोंगराच्या एका शिखरावर, साडेआठशे मीटर उंचीवर, सिल्ला या प्राचीन राज्याच्या काळातला दगडी बुद्ध बसलेला आहे. डोक्यावर सपाट दगडाची मोठी टोपी, तिच्यामुळेच जागेला नाव पडलं. ती टोपी पदवीदानाच्या टोपीसारखी दिसते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत वाट ओसंडून जाते. लोक त्याला भैषज्यगुरू मानतात, रोग बरे करणारा बुद्ध, आणि मनापासून मागितलं तर एक इच्छा पुरी करतो असं म्हणतात. पायऱ्या हजारावर आहेत. आजी काठी टेकत, दर वळणावर थांबत, न बोलता चढल्या. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि वारा इतका बोचरा होता की मेणबत्त्या काचेच्या कपाटातही फडफडत होत्या. ध्वनिवर्धकातून त्या बुद्धाचा नामजप चालू होता आणि जोडीला मोकताक या लाकडी वाद्याची टकटक. फरशीवर राखी चटयांच्या ओळी, आणि चटयांवर बायका. काही पुरुषही होते, पण डोळ्यांत भरल्या त्या बायकाच. कुणी चटईच्या टोकाशी पोराचा पासपोर्ट फोटो ठेवला होता, कुणी परीक्षेचा बैठक क्रमांक. खडकाला नाणी चिकटवलेली. तांदळाच्या पिशव्यांची रास.

आजींनी काठी बाजूला ठेवली, गळ्यातला मफलर नीट घडी करून तिच्यावर ठेवला, आणि हात जोडून गुडघे टेकले. आधी गुडघे, मग उजवा हात, मग डावा, मग कपाळ. कपाळ टेकल्यावर दोन्ही तळवे उलटे करून कानापर्यंत उचलले, बुद्धाची पावलं हातांवर घ्यावीत तसे. मग उलट क्रमानं उठल्या. माळेचा एक मणी सरकला. त्यांच्या गुडघ्यांवर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, उठताना त्यांचा श्वास मला शेजारून ऐकू येत होता. मी मोजत नव्हते, माळ मोजत होती, एकशे आठ मणी. मधेच त्या बसून राहायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा सुरू. हाताला धरायला गेले तर मानेनं नको म्हणाल्या. त्या चटईवर त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. मुलगा नाही, नातू नाही, पेला कुणी आधी ठेवायचा आणि कुणी नंतर हे सांगणारी ओळ नाही. जुन्या रिवाजात मृतांपुढे पुरुषांचे नमस्कार दोन आणि बायकांचे चार, असं सांगितलेलं आहे. त्यांच्या घरात त्यांना एकाचीही जागा उरली नव्हती, आणि इथे त्यांना कुणी अडवत नव्हतं.

उतरताना मी विचारलंच. त्या रात्री तुम्ही पुढे का आला नाहीत? त्यांनी खिशातून परसिमनची सुकवलेली फोड काढून मला दिली. ‘ते घराण्याचं काम,’ त्या म्हणाल्या. ‘हे माझं.’

मला आधी वाटलं होतं की हे दोन वेगवेगळे धर्म एका घरात गुण्यागोविंदानं नांदताहेत. आता वाटतं की त्यांच्यात कामाची वाटणी झालेली आहे आणि ती वाटणी काही राजीखुशीनं झालेली नाही. जोसॉनच्या राज्यात भिक्षूंना समाजाच्या तळाशी ढकललं, शहरातले मठ मोडले, आणि पुढे भिक्षूंना राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकायलाच बंदी झाली. ती 1895 मध्ये उठली. मठ डोंगरात राहिले, आणि त्यांना तगवलं ते मुख्यतः बायकांनी. राजघराण्यातल्या राण्यांपासून खेड्यातल्या आयांपर्यंत, तांदूळ आणि तेल घेऊन डोंगर चढणाऱ्या बायकांनी. घरात जो कायदा होता त्याच्यात मूल आजारी पडल्यावर, नवरा परगावी मेल्यावर किंवा पोटी मूल नसताना कुणाकडे जायचं, याचं उत्तर नव्हतं. डोंगरात ते मिळायचं. मठांच्या मागच्या बाजूला वाघासोबत बसलेल्या डोंगरदेवाची छोटी देवळी असते, तिथेही या बायका दिवा लावतात. शास्त्रात ती कुठे बसते याची चिंता त्यांनी केली नाही.

राजांनासुद्धा याच वाटेनं जावं लागलं. सेजोंग राजानं कोरियन लिपी घडवली, कन्फ्यूशियन विद्वानांना मान दिला. पण 1446 मध्ये राणी सोहॉन गेली आणि नंतर त्यानं राजवाड्याच्या आवारात बुद्धमंदिर बांधायला घेतलं, तेव्हा त्याच विद्वानांनी जोरदार विरोध केला. राजा हटला नाही. त्याहून मला हलवतो तो जॉंगजो. त्याच्या आजोबांनी, योंगजो राजानं, 1762 मध्ये स्वतःच्या मुलाला, युवराज साडोला, तांदळाच्या पेटीत बंद केलं. आठव्या दिवशी तो आत मेला. जॉंगजो तेव्हा पुरता दहा वर्षांचाही नव्हता. पुढे तो गादीवर आला, पण त्याला दिवंगत काकाचा दत्तक मुलगा मानून वारस केलेलं असल्यामुळे, दरबारी विधीच्या नियमात त्याचा खरा बाप राजाचा मान मिळण्याला पात्र नव्हता. कन्फ्यूशियसचा शिष्य असलेला हा विद्वान राजा, आणि त्याच शास्त्रात त्याला स्वतःच्या बापासाठी जागा सापडेना. मग त्यानं 1789 मध्ये बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि पुढच्याच वर्षी तिच्या रक्षणासाठी योंगजुसा हा मठ नव्यानं उभा केला. आईवडिलांचे उपकार सांगणारं बौद्ध सूत्र त्यानं 1796 मध्ये तिथे लाकडी ठशांवर कोरून घेतलं. मी योंगजुसाला गेले तेव्हा वाटेवर लाल खांबांचं कमानीवजा दार लागलं. असं दार राजांच्या कबरींपुढे आणि कन्फ्यूशियन पूजास्थानांपुढे असतं, बुद्धाच्या मठापुढे सहसा नाही. त्या दारातून आत गेल्यावर मूर्तीपुढे भिक्षू प्रार्थना करत होता, आणि भिंतीशी एका युवराजाच्या नावाची पाटी होती. तिच्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

आजींच्या यजमानांचंही असंच झालं. मरणानंतरचे तीन दिवस रुग्णालयाच्या अंत्यविधीगृहात, मुलाच्या बाहीवर दुखवट्याची पट्टी, आलेल्यांना मांसाचं तिखट सूप, नमस्कारांचा क्रम चोख. त्यानंतर मात्र दर सातव्या दिवशी मठात, सात वेळा, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत. मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या मधला अंतराभवाचा काळ, ही कल्पना आपल्याकडच्या अभिधर्म ग्रंथांतून चीनमार्गे इथे आली. ते एकोणपन्नास दिवस आजींनी एकटीनं सांभाळले. मुलानं शेवटच्या दिवशी रजा काढली.

मी महाराष्ट्रातली आहे, आणि बुद्ध म्हटलं की मला आधी 14 ऑक्टोबर 1956 आठवतो. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. माझ्या कॉलेजातल्या नागपूरच्या मैत्रिणीच्या घरी बुद्ध हा माणसाला ताठ मानेनं उभं करणारा आहे, कुणापुढे नवस न बोलता. त्यामुळे गात्बावीवर मार्क मागणाऱ्या त्या बायकांमध्ये मी सुरुवातीला अवघडून उभी होते. बुद्धानं इच्छा पुरी करावी हे त्याच्या शिकवणीत बसत नाही, असं मला आजही वाटतं, आणि मेलेल्यांच्या सोपस्कारांतून लोकांना सोडवणारा आपल्याकडचा बुद्ध मला जवळचा आहे. पण आजींना तळवे उलटे करून उचलताना पाहिल्यावर मला त्यांना काही शिकवावंसं वाटलं नाही. त्यांना तिथे ताठ उभं राहता येत होतं, फक्त वाकूनच.

सप्टेंबर 2022 मध्ये, चुसोक या सुगीच्या सणाआधी, सोलच्या सोंग्युनग्वाननं एक पत्रक काढलं. ही 1398 पासूनची कन्फ्यूशियन विद्यापीठाची जागा, इथे आजही वसंतात आणि शरदात कन्फ्यूशियसची पूजा होते, म्हणजे या बाबतीत यांच्यावर कुणी नाही. त्यांनी सांगितलं की सणाच्या पूजेच्या पानावर तेलात तळलेले पदार्थ ठेवायची मुळीच गरज नाही, नऊ पदार्थ पुरे. त्यासाठी त्यांनी किम जांग-सेंग या जुन्या पंडिताचा दाखला दिला, तेलकट पदार्थ ठेवणं शिष्टाचारात बसत नाही म्हणून. आणि लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, हा नियम तर जुन्या ग्रंथांत कुठेच नाही. सुनेनं ती बातमी मोबाइलवर मला दाखवली तेव्हा ती हसली नाही. एवढ्या वर्षांच्या कापांचं, तव्यापुढे उभं राहून दुखणाऱ्या कमरेचं, प्रत्येक सणानंतरच्या भांडणाचं काय करायचं? सणाच्या दगदगीनं बायकांना येणाऱ्या आजारपणाला इथे वेगळं नावच आहे, दर चुसोकला वर्तमानपत्रांत ते येतं. ज्यांच्या नावानं हे सगळं करून घेतलं, त्यांनी सांगितलं की आम्ही असं कधी सांगितलंच नव्हतं.

मी त्या पत्रकावर खूश आहे. पण ते तीनशे वर्षं उशिरा आलं, हे मला बोचतं.

यंदाच्या नववर्षाला आजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. माझ्यामागे सासऱ्यांची, नवऱ्याची आणि माझी, तिघांची जेसा घरात करू नका. मठात पैसे भरा, नावं द्या, ते तिथे विधी करतील. अशी सोय हल्ली बरेच मठ देतात, तीत नवल काही नाही. नवल एवढंच की आजींनी ठरवलं, मुलाला न विचारता. सूप तसंच राहिलं. मुलगा लाल झाला, म्हणाला, मी जिवंत असताना माझ्या वडिलांना दुसऱ्याच्या घरी जेवायला कसं पाठवू? त्याचं दुःखही खरं होतं, हे मी नाकारत नाही. तो आठवड्यातले सहा दिवस कामात असतो, वडिलांशी त्याचं जिवंतपणी फार बोलणं झालं नव्हतं, आणि भातात चमचा रोवतानाचा तो क्षण म्हणजे त्यांच्या दोघांच्या नात्यातलं जे काही उरलंय ते सगळं. तेही मठाला देऊन टाकायचं तर त्याच्याकडे काय राहणार? आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नातवाच्या भांड्यात आणखी दोन तुकडे मांस घातलं.

दोन दिवसांनी सून खाली आली, माझी ताटं परत द्यायला. मी तिला म्हटलं, तू तर सुटलीस. ती म्हणाली, ‘मठात स्वयंपाक कोण करतं ठाऊक आहे? तिथेही बायकाच. साठी-सत्तरीच्या. पैसे भरून मी माझं काम त्यांच्या गळ्यात घालायचं, एवढंच होईल.’ मला हे सुचलंच नव्हतं. गात्बावीच्या खालच्या मठात दुपारी फुकट मिळणारा भात आणि मियॉकचं, म्हणजे समुद्रशेवाळाचं, सूप मीही आनंदानं खाल्लं होतं. तिच्या मते जेसा घरातच व्हावी, नऊच पदार्थ असावेत, आणि त्यातले निम्मे तिच्या नवऱ्यानं रांधावेत. बापाला घरचं जेवण घालायचंय ना, मग तव्यापुढे उभं राहा. तसं तिनं त्याला सांगितलंय. त्यानं हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. आजींना तर अजून कुणी विचारलेलंच नाही.